मायनसचं बटण

१

मला लिहायची सवय नाही. मी बोलणारा माणूस. चाकणला आमच्या लाइनवर सगळी मशिनं चालू असतानासुद्धा माझा आवाज पार गेटपर्यंत जातो, असं लोक म्हणतात, आणि तो आवाज मला आईकडून मिळालाय. तरी आज कागद घेऊन बसलोय, कारण दुसरा इलाज नाही.

आमच्या टीव्हीचा रिमोट गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. एका दिवसात नाही गेला तो. आधी मागचं झाकण हरवलं, तर आईने सेल पडू नयेत म्हणून रबरबँड लावलं. मग बटणं ऐकेनात. तेव्हा तळहातावर आपटून, सेल बोटाने गोल फिरवून, कधी खिडकीत उन्हाला ठेवून आम्ही त्याला ओढत नेला. शेवटी तो आईच्या हातून डाळ भिजवलेल्या पातेल्यात पडला आणि सुटला बिचारा.

"नवीन आण," आई म्हणाली. "आणि घड्याळाचे सेल पण आण. हॉलमधलं घड्याळ कधीचं बंद पडलंय, तुम्हा दोघांना त्याचं काही पडलेलं नाही."

पिंपरी कॅम्पातल्या दुकानदाराने टीव्हीचं नाव ऐकलं आणि मान हलवली. याचा ओरिजिनल आता मिळत नाही, म्हणाला. युनिव्हर्सल घेऊन जा, सगळ्याला चालतो.

"सगळ्याला म्हणजे?"

"सगळ्याला, भाऊ," तो म्हणाला आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी रिमोट घेतला. घड्याळाचे सेल विसरलो.

आम्ही चऱ्होलीला नव्या सोसायटीत राहतो. मी, माझी बायको मिनल, आणि आई. फ्लॅटचा ताबा मिळायच्या आधीच वडील गेले. आईचा सगळा जन्म पिंपरीच्या वस्तीत गेला. तिथल्या विहारात वंदना सुरू झाली की पहिला आवाज तिचा उठायचा आणि मग बाकीचे मागे. नीलाताई, म्हणजे आई, आल्या नाहीत तर वंदना कुणी उचलायची, यावरून तिथे चक्क थांबून राहायचे लोक. इथे सोसायटीत आपली पाचसहा घरं असतील. दर रविवारी क्लबहाउसमध्ये जमतात, आणि इथेही सुरुवात आईच करते. सातव्या मजल्यावर आल्यापासून तिच्याकडे तिचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

आणि ती बोलायची, बाप रे, किती बोलायची! मालिकेतल्या सासूला शिव्या, बातम्या देणाऱ्याला सल्ले, मला सूचना. पहिली शिफ्ट करून दुपारी घरी आलो की मला फक्त झोप हवी असते. आणि बाहेर आईचं चालू.

२

त्याच दुपारी रिमोट बसवायला घेतला. आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती, टीव्ही चालू होता. सोबत एक पातळ कागद आला होता, मुंगीच्या अक्षरात. सेटचं बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबून ठेवायचं. मग रिमोट टीव्हीकडे धरून आवाजाचं बटण दाबून ठेवायचं. रिमोट आपोआप एकेक कोड सोडत जातो. टीव्हीने दाद दिली की बटण लगेच सोडायचं, म्हणजे तो कोड पक्का होतो. खाली लिहिलं होतं: सेल काढल्यास कोड पुसला जाईल.

मी कंपनीत टेस्टिंगला आहे. असली कामं म्हणजे माझा हातचा मळ. सोफ्यावर बसलो, बटण धरलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. दर लुकलुकीला एक कोड जातोय, म्हणजे एका बंद दाराला कुणीतरी जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघतंय म्हणा ना. टीव्ही ढिम्म. अंगठा दुखायला लागला.

आणि अचानक टीव्हीच्या मागून बोलणं ऐकू आलं.

टीव्हीतून नव्हे. टीव्ही ज्या भिंतीला टांगलाय त्या भिंतीच्या पलीकडून. एका बाईचं बोलणं होतं, शब्द कळत नव्हते, पण चढउतार कळत होता. मी दचकून अंगठा उचलला. लाल दिवा एकदा लागला आणि विझला. कोड पक्का झाला.

मायनस दाबून बघितलं. टीव्हीचा आवाज होता तेवढाच राहिला. भिंतीपलीकडचा कमी झाला.

"काय रे, झाला का चालू?" आईने आतून विचारलं.

"शेजाऱ्यांचा झाला," मी म्हणालो आणि मला हसू आलं.

३

हसू आलं खरं, पण डोकं स्वस्थ बसेना. रिमोटचा उजेड डोळ्याला दिसत नसला तरी शेवटी उजेडच. भिंतीतून तो जात नाही. समोर उशी धरली तरी अडतो. मग पलीकडचा टीव्ही ऐकतो कसा? वर छताजवळ एक भोक होतं, एसीच्या पाइपसाठी बिल्डरच्या माणसाने चुकीच्या भिंतीला पाडलेलं आणि तसंच सोडून दिलेलं. त्यातून जात असेल, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणजे पटलं असं नाही.

दुसऱ्या दिवशी खाली वॉचमन भेटला. ज्ञानदेव त्याचं नाव, मूळचा चऱ्होलीचाच.

"ज्ञानदेव, आमच्या शेजारी राहायला कोण आलं?"

"कुठं?"

"बाजूच्या फ्लॅटमध्ये. टीव्ही चालू असतो दुपारचा."

"न्हाई ओ साहेब. त्याला अजून मीटर बी बसला न्हाई. मालक परदेशात हाय, चावी माझ्याकडं हाय." त्याने खरोखरच केबिनमधून चावी काढून दाखवली. बिल्डरचं सील अजून तिला तसंच होतं. "वरच्या मजल्याचा आवाज येत आसंल. नव्या बांधकामाचं आसंच हाय, कुठला आवाज कुठून येतोय कळत न्हाई."

हे मला पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. मीटर नाही तर वीज नाही, वीज नाही तर टीव्ही नाही. म्हणजे आवाज वरचा.

पण तो रोज दुपारी यायचा. मी पडलो की यायचा. बेडरूमचीही तीच भिंत. गादीवर आडवा झालो की डोक्यामागे ती बाई बोलायला लागायची, न थांबता, घरातल्या माणसाशी बोलावं तशी. मग मी रिमोट उशाशी घेऊन झोपायला लागलो. भिंतीकडे धरायचा, मायनस दाबायचा, आवाज खाली जायचा, झोप लागायची. मिनलने विचारलं, "अहो, टीव्हीचा रिमोट बेडरूममध्ये कशाला? आई बिचाऱ्या उठून उठून टीव्हीची बटणं दाबतात." मी म्हटलं, बसवतो रविवारी नीट.

नाही बसवला. तो कोड घालवला तर भिंतीचा आवाज कमी कशाने करणार होतो?

४

आईचा आवाज बसला तो त्याच सुमारास. आधी मलाच ते जाणवलं नाही. उलट घरात जरा शांतता आहे म्हणून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मिनल एकदा हिंजवडीहून कंपनीच्या कॅबने रडतखडत घरी पोचली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आईंचा घसा बघितलात का? मगाशी फोनवर मला काही ऐकूच येत नव्हतं."

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं. डॉक्टरांनी घशात बघितलं, थोडी सूज असेल म्हणाले, बोलणं कमी करा. आईला बोलणं कमी करा!

रविवारी क्लबहाउसमध्ये वंदना होती. आई नेहमीसारखी पुढे बसली, हात जोडले, सुरुवात केली. मी तिसऱ्या रांगेत होतो आणि मला काहीही ऐकू आलं नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग आमच्या मजल्यावरच्या यशवंतरावांनी खाकरून स्वतःच वंदना उचलली आणि सगळे त्यांच्या मागून म्हणायला लागले. आई तशीच हात जोडून बसली होती, ओठ हलत होते, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मी मान खाली घातली.

घरी येताना लिफ्टमध्ये तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. तेव्हा कुठे ऐकू आलं.

"यशवंतरावांनी मला मधेच का तोडलं रे?"

"आई, तुझा आवाज येत नव्हता."

"येत नव्हता?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मी तर जोरात म्हणत होते. मला माझा आवाज चांगला खणखणीत ऐकू येतोय. रोज येतोय. तुम्हालाच काय झालंय?"

लिफ्ट थांबली. मी तिला हाताला धरून घराकडे नेलं.

५

पुढची शिफ्ट वाईट गेली. लाइन बंद पडली, साहेबाने सगळ्यांसमोर झापलं, ओव्हरटाइम करून घरी आलो तेव्हा डोकं ठणकत होतं. मिनल ऑफिसला. आई हॉलमध्ये बंद घड्याळाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. मी "हो हो" केलं आणि जाऊन पडलो.

पडलो आणि भिंत बोलायला लागली.

त्या दिवशी आवाज आधीपेक्षा जवळ होता, भिंतीला तोंड लावून बोलावं तसा. मी रिमोट उचलला. आणि पहिल्यांदाच शब्द कळला. पलीकडची बाई म्हणाली, "धम्मा."

माझं नाव धम्मरत्न. घरात धम्मा. अंथरुणात उठून बसलो. मग स्वतःलाच समजावलं: आई हॉलमधून हाक मारतेय, ती भिंतीला आपटून परत येतेय. नव्या बांधकामाचं असंच असतं. वॉचमनसुद्धा म्हणाला. आईचा आवाज बसलाय, हॉलमधून तो इथपर्यंत पोचणारच नाही, हे मला कळत होतं. पण माणूस थकला की जे सोपं असतं ते खरं धरतो.

"धम्मा, अरे ते घड्याळ..."

मी भिंतीकडे रिमोट धरला आणि मायनसचं बटण दाबून धरलं. आवाज खाली गेला, आणखी खाली गेला, कुजबुज झाली. तरी मी अंगठा काढला नाही. कुजबुजही गेली. पार काही उरलं नाही तेव्हाच सोडला. रिमोट तसाच हातातून गादीच्या कडेला घसरला आणि मला गाढ झोप लागली.

६

टिक टिक आवाजाने जाग आली.

बराच वेळ कळेना की हे कशाचं आहे. आमच्या घरात तो आवाज नव्हताच कधीचा. मग लक्षात आलं, हॉलमधलं घड्याळ चालू झालंय. बरं वाटलं आधी. म्हटलं, आईने आणले वाटतं सेल कुणाकडून तरी.

हात लावला तर रिमोट माझ्याजवळ नव्हता. बाहेर आलो तर तो हॉलमधल्या टीपॉयवर होता, पालथा, झाकण उघडं, आत सेल नव्हते.

घड्याळाखाली स्टूल आडवं पडलं होतं. त्याच्याशेजारी आई. एक पाय विचित्र वळलेला, हात माझ्या दाराच्या दिशेने लांबवलेला. तिचे डोळे उघडे होते आणि ती ओरडत होती. गळ्याच्या शिरा ताठ, तोंड मोठं उघडं, डोळ्यांतून पाणी. ती जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि खोलीत घड्याळाशिवाय कशाचाही आवाज नव्हता.

"आई! आई, कधी पडलीस गं?"

ती बोलत राहिली. मी कान तिच्या ओठांना लावला. गालावर तिचा गरम श्वास लागत होता. शब्द एकही नव्हता.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी तिचा हात धरून बसलो होतो. बसल्या बसल्या मला सगळं कळलं. म्हणजे कसं ते नाही कळलं, आजही कळलेलं नाही. पण काय झालं ते कळलं. मी उठून घड्याळाचे सेल काढले, रिमोटमध्ये घातले, भिंतीकडे धरून प्लस दाबलं. लाल दिवा भराभर लुकलुकला आणि विझला. कोड पुसला गेला होता.

७

खुब्याचं हाड मोडलं होतं, ते बसवलं. घशात कॅमेरा घातला. तिथल्या डॉक्टरबाई चांगल्या होत्या, त्यांनी मला स्क्रीनवर दाखवलं. "सगळं बरोबर हलतंय. हवा येतेय. आवाज का नाही, हे मला सांगता येणार नाही," म्हणाल्या.

आईला घरी आणलं, तिचा पलंग हॉलमध्ये टीव्हीच्या भिंतीसमोर टाकला. मिनलने तिला एक पाटी आणून दिली. आईने पहिल्यांदा लिहिलं ते हे: मी ओरडून बोलतेय, तुम्हाला ऐकू का येत नाही. मग पुसून खाली लिहिलं: त्या दिवशी पण किती हाका मारल्या धम्मा तुला.

मिनल स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला रडूही आलं नाही.

तेव्हापासून रजा टाकून मी एकच काम करत होतो. आईच्या पलंगाशेजारी बसायचं, सेट दाबायचं, भिंतीकडे रिमोट धरायचा, बटण दाबून ठेवायचं. दिवा लुकलुकत राहायचा. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. मिनलला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. पण ती अडवायची नाही. आई पडल्या पडल्या माझ्याकडे बघायची. संध्याकाळी ती वंदना म्हणायची आणि आम्ही दोघं तिच्या ओठांकडे बघून मागे मागे म्हणायचो.

एका दुपारी मला शंका आली की सेल उतरले असावेत. आम्ही कंपनीत करतो ते केलं, मोबाइलचा कॅमेरा लावला. रिमोटचा उजेड डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्यात जांभळट दिसतो. दिसला. सेल ठीक होते. मी मोबाइल खाली घेणार, तेवढ्यात स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं.

छताजवळच्या त्या भोकात. जांभळट ठिपका. लुकलुकत होता.

मला वाटलं माझ्याच रिमोटचं प्रतिबिंब. मी अंगठा उचलला. माझा दिवा थांबला. तो थांबला नाही. एकेक, शांतपणे, घाई न करता. मोबाइल बाजूला करून बघितलं तर भोक काळं होतं, आत काही नव्हतं. पुन्हा मोबाइल धरला. चालूच होता. पलीकडे कुणीतरी बटण दाबून बसलं होतं, आणि रोख आमच्या खोलीकडे होता.

उठून पळायला हवं होतं. पण आईचा आवाज पलीकडे होता ना! मी पुन्हा बटण दाबलं.

आणि कोड लागला. भिंतीतून स्पष्ट, खणखणीत, वंदना उचलायचा तोच आवाज आला.

"धम्मा! ऊठ की रे. पडले मी. धम्मा!"

मी आईकडे वळलो. तिचं तोंड बंद होतं. तीही ऐकत होती. भिंतीकडे बघत होती आणि पाटीवरची बोटं पांढरी पडली होती. मी प्लस दाबलं. पलीकडचा आवाज चढला, इकडे आईने तोंड उघडून बघितलं, तर काही नाही. फक्त पलीकडे वाढत होता.

"धम्मा, कधीची हाका मारतेय रे. ये की."

ती पडली त्या दिवशी मी जी हाक ऐकली नव्हती, तीच होती ही. कुणाचाही मुलगा जे करेल तेच मी केलं. "आलो, आई," म्हणालो.

ओठ हलले, जीभ हलली. माझ्या डोक्यात मला माझा आवाज ऐकूही आला. पण खोलीत आला तो भिंतीपलीकडून.

"आलो, आई," पलीकडे माझा आवाज म्हणाला. मग काहीतरी उचलल्याचा, टेकवल्याचा आवाज झाला. "झोप लागली होती गं. लागलं का फार?"

"नाही रे. आलास ना आता."

मी ओरडलो. आई माझ्याकडे बघत राहिली. तिने माझा हात घट्ट धरला. तिला कळलं होतं.

स्वयंपाकघरातून मिनल पळत आली. हात कणकेने भरलेले, चेहरा उजळलेला. "अहो, आईंचा आवाज आला! किती दिवसांनी बोलताय दोघं..." आणि उंबऱ्यात थांबली. आमची तोंडं बंद होती. भिंतीपलीकडे आम्ही दोघं बोलत होतो.

मग पलीकडून माझ्या आवाजात, रोज मारतो तशी हाक आली. "मिनल, जरा इकडे ये गं."

तिने सवयीने तोंड उघडलं. 'आले' तिच्या ओठांवर आलं होतं. मी उडी मारून तिच्या तोंडावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने आईची पाटी ओढून घेतली.

मिनल अजून बोलू शकते. घरात मात्र बोलत नाही, फोन खाली जाऊन करते. ज्ञानदेवने चावी दिली, आम्ही जाऊन तो फ्लॅट उघडून बघितला. रिकामा आहे. फरशीवर बांधकामाची धूळ, तिच्यावर पावलं उमटलेली नाहीत. भोकातून आमच्या खोलीचं छत दिसतं.

घर सोडून जाऊ, असं मिनलने लिहून विचारलं. आईने पाटीवर नको लिहिलं. आवाज इथे ठेवून मी कुठे जाऊ, असं तिने खाली लिहिलं. आता संध्याकाळी भिंतीपलीकडे वंदना होते. आई उचलते, माझा आवाज मागून असतो. आम्ही इकडे हात जोडून ऐकतो. त्यानंतर हाका सुरू होतात. आधी फक्त मिनलला असायच्या. काल तिचा भाऊ आम्हाला भेटायला आला, तर पलीकडून त्याचंही नाव आलं.

हे एवढं सगळं दारात उभं राहून कुणी वाचणार नाही, मला माहीत आहे. म्हणून दाराला बाहेरून एक छोटा कागद चिकटवलाय. आत आल्यावर मी किंवा आईने हाक मारली असं वाटलं, तर ओ देऊ नका. आधी आमच्या तोंडाकडे बघा.